अंगणवाडी आणि गृहभेट : गरिबाघरच्या बालकाची पहिली शाळा

नाशिक : सकाळी आठच्या सुमारास शहरातील मजूर नाक्यांवर कामाच्या शोधात उभ्या असलेल्या स्त्रियांच्या घोळक्यात हमखास दिसणारी एक गोष्ट म्हणजे पाठीशी झोळीत बांधलेले मूल. त्याच वेळी सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतून, फुलेनगरातून, वडाळ्यातून धुणीभांड्यासाठी निघालेल्या स्त्रिया आपले तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीच्या कडेवर देऊन घराबाहेर पडतात. ज्या वयात मूल चालायला, बोलायला आणि विचार करायला शिकते, त्या वयात या मुलांना पाहायला घरात मोठे माणूस नसते. सुखवस्तू घरातील मूल अडीच वर्षांचे झाले की त्याच्यासाठी नर्सरीचा शोध सुरू होतो. गरिबाघरच्या मुलासाठी मात्र अंगणवाडी आणि घरी येणाऱ्या सेविकेची भेट, एवढाच आधार असतो. हा आधार कसा उभा राहिला, कायद्याने त्यात काय देऊ केले आहे आणि तो कुठे तोकडा पडतो, याचा हा आढावा.

शब्दाचा उगम

'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द महाराष्ट्राच्या मातीतला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत गुजरातेतील भावनगर येथे माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी मध्यमवर्गापुरती राहिलेली बालशाळा खेड्यात नेण्याच्या हेतूने ताराबाईंनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांची साथ लाभली. अनुताईंच्या शिक्षकी पेशाचा आरंभ नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण शाळेत झाला होता, ही बाब नाशिककरांना जवळची वाटावी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात नेण्यात आले.

बोर्डीत बालवाडी उघडल्यावर या दोघींच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुले शाळेपर्यंत येतच नव्हती. आईवडील भल्या पहाटे कामावर जात आणि मुले घराच्या आसपास, धाकट्या भावंडांना सांभाळत राहत. तेव्हा शाळेनेच मुलांच्या अंगणात जायचे ठरविले. झाडाखाली वा ओट्यावर, शंखशिंपले, चिंचोके, पाने आणि मातीचे गोळे यांच्या साह्याने वर्ग भरू लागला. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे हेही त्या शिक्षणाचेच अंग मानले गेले. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोगही झाला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे या प्रयोगाचे सूत्र होते आणि आजच्या गृहभेटींच्या मुळाशीही तेच आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री सन्मान देण्यात आला.

योजनेचा पाया

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी या दोन अगदी भिन्न ठिकाणी तिचा प्रारंभ झाला. एक महानगरातील झोपडपट्टी आणि दुसरा दुर्गम आदिवासी तालुका. या योजनेच्या केंद्राला 'अंगणवाडी' हेच नाव देण्यात आले. २०२१-२२ पासून ही योजना 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' या नावाखाली राबविण्यात येत आहे.

योजनेत सहा सेवांचा अंतर्भाव आहे. पूरक पोषण आहार, तीन ते सहा वयोगटासाठी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास पुढील उपचारांसाठी संदर्भ सेवा. यांतील शेवटच्या तीन सेवा आरोग्य खात्यामार्फत दिल्या जातात. परंतु मुलाला लसीकरणाच्या दिवशी हजर ठेवण्याची जबाबदारी व्यवहारात अंगणवाडीवरच येते.

प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस असते. वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर एक पर्यवेक्षिका, त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग अशी रचना आहे. ग्रामीण व शहरी भागांत साधारणपणे ४०० ते ८०० आणि आदिवासी भागात ३०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असावी, असा निकष आहे.

कायद्याने दिलेले हक्क

बालकांच्या या सेवेला कायद्याचे बळ टप्प्याटप्प्याने मिळाले. राज्यघटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र ४५ व्या अनुच्छेदात 'राज्याने प्रयत्न करावा' एवढीच अपेक्षा नमूद झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयोगटासाठी शासन व्यवस्था 'करू शकेल', असे ११ व्या कलमात म्हटले आहे. ज्या वयात शिक्षणाचा पाया घातला जातो, नेमके तेच वय हक्काच्या कक्षेबाहेर राहिले, अशी टीका बालशिक्षणाच्या क्षेत्रातील जाणकार सातत्याने करीत आले आहेत.

ही उणीव काही अंशी सर्वोच्च न्यायालयाने भरून काढली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या अन्नहक्काच्या याचिकेत न्यायालयाने पूरक आहार हा बालकांचा हक्क मानला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने देशात १४ लाख अंगणवाड्या सुरू करण्यास सांगण्यात आले. ज्या ग्रामीण वस्तीत वा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी सुरू करावी, असेही या आदेशात नमूद आहे. 'मागेल त्याला अंगणवाडी' या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद शहरातील नव्याने वसलेल्या वस्त्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे.

पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयोगटातील बालकांना, तसेच गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीतील आहाराचा वैधानिक हक्क दिला. बालकासाठी दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित बालकासाठी ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर मातेसाठी ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टात दिले गेले. मात्र २०१७ मध्ये या आहारासाठी प्रति बालक दररोज आठ रुपये, मातेसाठी साडेनऊ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकासाठी बारा रुपये असा खर्च निश्चित करण्यात आला. त्यानंतर धान्य, डाळी, तेल आणि गॅस यांचे भाव कुठे गेले, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

आहाराचा ठेका हाही वादाचा विषय राहिला आहे. कंत्राटदारांना या योजनेतून दूर ठेवून गावपातळीवरील महिला मंडळे आणि बचत गटांना काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बजावले होते. प्रत्यक्षात महिला मंडळांच्या नावाखाली मोठे ठेकेदारच पुरवठा करतात, अशा तक्रारी होत राहिल्या आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातील घरपोच आहाराची निविदा न्यायालयाने रद्द ठरविली.

गृहभेट : कोण, केव्हा आणि कशासाठी?

अंगणवाडी म्हटले की तीन ते सहा वर्षांची मुले आणि खिचडी एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. तथापि, बालविकासाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ त्याआधीचा असतो. गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण एक हजार दिवसांत शरीराची आणि मेंदूची वाढ झपाट्याने होते. या वयाचे मूल अंगणवाडीत दिवसभर बसत नाही. त्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याचे घर.

गृहभेटींची दोन सूत्रे आज समांतर चालतात. पहिले आरोग्य खात्याचे. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकविण्यात आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या अनुभवाच्या आधारे २०११ मध्ये देशभर गृहाधारित नवजात बालसेवा सुरू करण्यात आली. त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा कार्यकर्ती बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. घरी प्रसूती झाली असल्यास पहिल्या दिवशीची आणखी एक भेट असते. २०१८ पासून त्यात ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतील पाच भेटींची भर पडली.

दुसरे सूत्र अंगणवाडीचे. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत ठरावीक टप्प्यांवर सेविकेने घरी जावे, असे अपेक्षित आहे. गरोदरपणात आहार आणि तपासण्या, बाळंतपणानंतर पहिल्या तासाभरातील स्तनपान, सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचे दूध, सातव्या महिन्यापासून वरचा आहार असा या भेटींचा क्रम आहे. वरच्या आहाराची वेळ चुकणे हे कुपोषणाचे मोठे कारण मानले जाते. वर्षाचे मूलही केवळ दुधावर आणि चहा-बिस्किटावर राहते, कारण आई कामावर आणि भरवणारे हात लहान भावंडांचे. अशा घरात 'बाळाला चार वेळा भरवा' हा सल्ला कोरडा ठरतो. ती आई सकाळी किती वाजता जाते, घरी कोण असते, सकाळच्या भाकरीचा काला वरणात कालवून दुपारी कोणी भरवू शकेल का, हे विचारणारी सेविकाच खरी उपयोगी पडते.

बोलणे आणि खेळणे हेही पोषणच

गेल्या काही वर्षांत गृहभेटीच्या कल्पनेत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पोटभर खाऊ घालणे आणि लस टोचणे एवढ्यावर बाळाची वाढ अवलंबून नसते. त्याच्याशी कोणीतरी बोलावे, हसावे, त्याच्या हुंकाराला उत्तर द्यावे, त्याला वस्तू हाताळू द्यावी, यालाही तितकेच महत्त्व आहे, हे जगभरातील अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

यांतील सर्वांत उल्लेखनीय अभ्यास जमैका या छोट्या देशातील आहे. किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांतील खुरटलेल्या १२९ मुलांवर १९८६-८७ मध्ये तो सुरू झाला. त्यांतील काही मुलांच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि घरीच बनविलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला शिकवीत. वीस वर्षांनंतर पाहणी केली असता गृहभेटी मिळालेल्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगातही रोजच्या शाळेला दर आठवड्याच्या गृहभेटीची जोड होती. या प्रयोगातील मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. बालपणातील गुंतवणूक समाजाला भरघोस परतावा देते, हे नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांचे प्रतिपादन बऱ्याच अंशी याच प्रयोगाच्या विश्लेषणावर आधारलेले आहे.

महाराष्ट्रात याच दिशेने 'आरंभ' हा कार्यक्रम उभा राहिला. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याचा बालविकास विभाग यांच्या सहकार्याने आखलेल्या या कार्यक्रमात शून्य ते तीन वयोगटातील मुलांच्या पालकांना गृहभेटीत आणि पालक मेळाव्यांत कृती करून दाखविल्या जातात. डबा आणि झाकण, प्लॅस्टिकच्या बाटलीत डाळीचे दाणे घालून केलेला खुळखुळा, जुन्या साडीच्या चिंध्यांची बाहुली, बडबडगीते आणि आजीच्या तोंडच्या ओव्या हेच त्यातील साहित्य. वडील आणि सासू यांनाही त्यात सामील करून घेण्यावर भर आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हे आराखडे जाहीर करून या विचाराला राष्ट्रीय पातळीवर स्थान दिले.

तीन ते सहा : खिचडीपलीकडची अंगणवाडी

तिसऱ्या वर्षानंतर मूल अंगणवाडीत नियमित येऊ लागते. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडीला प्रथमच शालेय रचनेशी जोडले. मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे या धोरणात नमूद आहे. मे २०२३ मध्ये 'पोषणही, शिक्षणही' हा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील अंगणवाड्यांसाठी त्याआधीच 'आकार' हा बालशिक्षणक्रम तयार करण्यात आला होता.

या वयातील शिक्षण म्हणजे पाटीवर अक्षरे गिरविणे नव्हे, हे ताराबाईंच्या काळापासून सांगितले जात आहे. मणी ओवणे, रंग आणि आकार वेगळे करणे, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगणे, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांतून पुढील लेखन-वाचनाची तयारी होते. मात्र पालकांचा ओढा वेगळा असतो. अंगणवाडीत 'नुसते खेळवतात' आणि गल्लीतल्या इंग्रजी शाळेत 'एबीसीडी शिकवतात', या समजापोटी कामगार वस्तीतील पालकही ऐपतीपलीकडे जाऊन मुलाला खासगी वर्गात घालतात. साहजिकच अंगणवाडीची पटसंख्या घटते आणि पट घटला म्हणून अंगणवाडी अडचणीत येते.

आदिवासी भागात भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवर मूल घरात कोकणा वा वारली बोलते. पुस्तकी मराठी त्याच्यासाठी परकी असते. अशा वेळी त्याच पाड्यावरील सेविका ही मोठी जमेची बाजू ठरते. मुलाच्या बोलीत गोष्ट सांगून हळूहळू शाळेच्या भाषेकडे नेण्याचे काम तीच करू शकते.

नाशिकचे दोन चेहरे

नाशिक जिल्ह्याचे बालविकासाचे चित्र एकसंध नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक असून त्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे. पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा डोंगराळ पट्टा आणि पूर्वेकडील द्राक्ष-कांद्याचा सधन पट्टा यांत मोठी तफावत आहे. भात कापणी झाली की पश्चिमेकडील कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर आणि शहरातील बांधकामांवर मजुरीसाठी उतरतात. मुलेही त्यांच्यासोबत येतात. गावच्या अंगणवाडीच्या वहीत नाव असलेले मूल तेथे नसते आणि जेथे असते तेथील वहीत त्याचे नाव नसते. कुपोषित बालकाच्या बाबतीत हे तीन-चार महिने निर्णायक ठरतात. स्थलांतरितांची नोंद ठेवण्यासाठी राज्याने २०२२ मध्ये संगणकीय स्थलांतर मागोवा प्रणाली सुरू केली. तिचा उपयोग मात्र बागेत वा भट्टीवर जाऊन मुलाला शोधणारी सेविका असेल तरच होतो.

आदिवासी क्षेत्रासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. त्यात गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस ताजे जेवण मिळते. पुढे सात महिने ते सहा वर्षे वयोगटातील मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद करण्यात आली. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांचा या योजनेत समावेश आहे.

शहराचा प्रश्न निराळा आहे. २०११ मध्ये नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्यानंतर शहर चहूबाजूंनी वाढले. नव्या वसाहतींच्या कडेने मजुरांच्या पालांच्या वस्त्याही वाढल्या. शहरात अंगणवाडीला स्वतःची जागा मिळणे दुरापास्त असते. समाजमंदिर, एखादी भाड्याची खोली, देवळाचा ओटा अशा ठिकाणी वर्ग भरतो. महापालिकेतर्फे चालविल्या जाणाऱ्या अंगणवाड्यांपैकी शंभराहून अधिक अंगणवाड्या २०१८ मध्ये अपुऱ्या पटसंख्येच्या कारणावरून बंद करण्याचा निर्णय झाला. सेविकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. पट कमी, म्हणून अंगणवाडी नको, हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. परंतु ज्या वस्तीतील मूल रस्ता ओलांडून दुसऱ्या अंगणवाडीत जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी ती अंगणवाडी बंद होणे म्हणजे सेवाच बंद होणे होय.

मोजमापाची भाषा

अंगणवाडीत दरमहा मुलाचे वजन आणि उंची नोंदविली जाते. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेले मूल 'सॅम' म्हणजे तीव्र कुपोषित आणि त्याहून बऱ्या स्थितीतील मूल 'मॅम' म्हणजे मध्यम कुपोषित गणले जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजून तातडीने तपासणीस न्यावे लागते. अशा मुलांसाठी गावपातळीवर ग्राम बालविकास केंद्र आणि रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र अशी व्यवस्था आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत एकेकाळी देशाला वाट दाखविली. २००५ मध्ये स्थापन झालेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन हे देशातील अशा स्वरूपाचे पहिले मिशन होते. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे राज्यातील प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. २०१९-२१ च्या पाहणीत मात्र ते ३५.२ टक्के आढळले. दहा वर्षांत साधलेली घट पुढे जवळपास थांबली, असा याचा अर्थ. उंचीतील ही खुंट सहसा दुसऱ्या वर्षापर्यंत पडलेली असते आणि नंतर भरून निघणे कठीण असते. या वयात मुलापर्यंत पोहोचणारी सेवा म्हणजे गृहभेट, म्हणून तिचे मोल.

साऱ्या डोलाऱ्याचा खांब

या सर्व व्यवस्थेचा भार शेवटी एका सेविकेवर येतो. ती कर्मचारी नसून 'मानधनी' आहे, ही शासनाची भूमिका. २०२३ मध्ये राज्यात सेविकेचे मानधन ८ हजार ३२५ वरून १० हजार रुपये आणि मदतनीसाचे ४ हजार ४२५ वरून साडेपाच हजार रुपये करण्यात आले. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यभरातील सेविका-मदतनीसांनी बेमुदत संप पुकारला आणि तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्यानंतर २०२४ मध्येच मानधनात वाढ आणि कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्त्याची घोषणा झाली. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. मानधनाच्या नावाखाली चालणाऱ्या या सेवेची न्यायालयाने घेतलेली ती दखल होती.

कामाचा व्याप पाहिला तर आहार, वजन, नोंदी, सर्वेक्षणे, बैठका, निवडणुकीची कामे आणि त्यातून उरलेल्या वेळात शिकविणे व गृहभेटी, अशी दिवसाची विभागणी होते. २०२१ पासून सर्व नोंदी 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल प्रणालीवर भराव्या लागतात. शासनाने दिलेले मोबाइल वारंवार बंद पडतात, या कारणास्तव त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी ते परत करण्याचे आंदोलन केले होते. नोंद झाली म्हणजे भेट झाली, असे समजले जाऊ लागले की गृहभेट दोन मिनिटांच्या उपचारापुरती उरते. आईच्या शेजारी बसून, बाळाला मांडीवर घेऊन केलेल्या अर्ध्या तासाच्या संवादाला मोबाइलच्या पडद्यावर रकाना नसतो.

पाळणाघराची रिकामी जागा

अंगणवाडी दिवसातून काही तास चालते आणि गृहभेट महिन्यातून एखादी. आई आठ-दहा तास कामावर असेल तर उरलेल्या वेळेचे काय, हा प्रश्न कायम राहतो. तीसहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात पाळणाघर असावे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने सांगितले. पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या बांधकामावर पाळणाघर असावे, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितले. परंतु नाशिकमधील बहुसंख्य बांधकामे लहान ठेकेदारांकडून, थोड्या थोड्या मजुरांच्या टोळ्यांनी होतात. संख्येची अट पूर्णच होत नाही आणि मूल वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत राहते. घरकामगार स्त्रियांना तर अशी कोणतीच तरतूद लागू होत नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून देशभर १७ हजार पाळणाघरे उघडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांच्या तुलनेत ही संख्या किती अपुरी आहे, हे सांगणे नलगे.

पालकांनी आणि नागरिकांनी लक्षात ठेवावे असे

- अंगणवाडीत नाव नोंदविण्यासाठी कोणतेही शुल्क नाही. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचे मूल, गर्भवती आणि स्तनदा माता यांना आहाराचा कायदेशीर हक्क आहे.

- कुटुंब कामासाठी दुसऱ्या गावी वा शहरात गेले असल्यास जेथे मुक्काम आहे तेथील अंगणवाडीशी संपर्क साधावा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे.

- बाळंतपणानंतर आशा कार्यकर्तीच्या सहा किंवा सात भेटी विनामूल्य असतात. भेट झाली नसल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात तसे कळवावे.

- बाळ दूध ओढत नसेल, अंग गार वा तापलेले असेल, श्वास जोराने चालत असेल, तर पुढील भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

- वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले असून अंगणवाडी नसेल, तर रहिवासी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करू शकतात.

- घरकामाला येणाऱ्या स्त्रीला लसीकरणाच्या दिवशी किंवा मुलाच्या वजनाच्या दिवशी पगार न कापता दोन तासांची सवलत देणे, हे कोणत्याही शहरी कुटुंबाला सहज शक्य आहे.

बोर्डीच्या अंगणात ताराबाई आणि अनुताईंनी शाळा नेली, त्याला आठ दशके उलटली. तेव्हा त्या अंगणातील मुलाची आई पहाटे रानात जात होती, आज ती नाशिकच्या एखाद्या बहुमजली इमारतीच्या बांधकामावर किंवा त्याच इमारतीतील स्वयंपाकघरात असते. मूल तेव्हाही अंगणात होते, आजही तेथेच आहे. त्याच्या दारापर्यंत जाणाऱ्या सेविकेला पुरेसा वेळ, पुरेसे वेतन आणि मान मिळतो की नाही, यावर त्या मुलाची पहिली सहा वर्षे अवलंबून आहेत.